कॅरॅव्हॅनतळांवर दूरचित्रवाणीचीही सोय हवी

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरॅव्हॅन पर्यटनावर आलेला लेख वाचला. फिरत्या घरात पलंग, शीतकपाट, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वच्छतागृह कसे बसवतात याचे वर्णन त्यात चांगले आहे. 'भिंतीवर मोठा टीव्ही' असाही उल्लेख आहे, मात्र त्या टीव्हीवर चित्र कोठून येणार, याविषयी एक ओळही नाही. मी गिरगावात तीस वर्षांहून अधिक काळ टीव्ही दुरुस्तीचा आणि अँटेना बसवण्याचा व्यवसाय केला. गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या अशाच गाडीतून नऊ दिवस कोकणात हिंडण्याचा योग आला, आणि जी गोष्ट आयुष्यभर मी इतरांना समजावून देत होतो तिचा अनुभव स्वतःलाच घ्यावा लागला. म्हणून हा पत्रप्रपंच.

भाच्याने एक जुनी मिनीबस घेऊन तिचे मोटारहोम करून घेतले आहे. टीव्ही बसवताना विक्रेत्याने त्याला छपरावर लावायची तबकडीसारखी गोल अँटेना आणि सोबत एक बूस्टर दिला, व 'दीडशे किलोमीटरपर्यंतचे सगळे फुकटचे चॅनेल येतील' असे सांगितले. मी त्या वेळी तेथे नव्हतो, असतो तर खोक्यावरचा तो आकडा वाचून तेथेच हसलो असतो. हरिहरेश्वरला मुक्काम पडला, संध्याकाळ झाली, आणि माझ्या थोरल्या बहिणीने सातच्या बातम्या लावायला सांगितल्या. भाच्याने वाहिन्या शोधायची आज्ञा दिली, पडद्यावरची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरकली आणि खाली 'एकही वाहिनी सापडली नाही' असे आले. पुन्हा शोध घेतला, अँटेना फिरवली, बूस्टर काढून पाहिला, तरी तेच. 'अरे, जन्मभर लोकांच्या गच्चीवर जाऊन चित्र आणलंस, आणि मला एक बातमी दाखवता येईना तुला?' असे ताई म्हणाली. तिला मी जे उत्तर दिले तेच येथे सविस्तर देत आहे, कारण अशी गाडी घेणारा किंवा भाड्याने नेणारा प्रत्येक जण या प्रश्नाशी येऊन थांबणार आहे.

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे नजरेसारख्या सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे कितीही उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर एका अंतरानंतर जमिनीला स्पर्शून वर निघून जाते, आणि त्यापलीकडे उभ्या असलेल्या गाडीच्या छपरावर तिचा मागमूस उरत नाही. हे अंतर काढण्याचे एक सोपे गणित आम्ही कारागीर मंडळी वापरतो. मनोऱ्याच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढावे आणि त्याला चार पूर्णांक एक दशांशने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे, म्हणजे त्याचे क्षितिज ७१ किलोमीटरच्या आसपास येते. गाडीच्या छपरावरची अँटेना जमिनीपासून तीन-साडेतीन मीटरवर असते, तिचे स्वतःचे क्षितिज सात-आठ किलोमीटर. दोन्हींची बेरीज ऐंशीच्याही आत राहते. हरिहरेश्वर वरळीपासून सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. तेव्हा अँटेना दोन हजारांची असो की वीस हजारांची, मध्ये पृथ्वीचाच फुगवटा आडवा आहे. अलिबाग मात्र हवेतून चाळीसेक किलोमीटर, आणि बहुतेक वाट समुद्रावरून, म्हणून पूर्वी तेथे साध्या अँटेनावरही मुंबईचे चित्र स्वच्छ दिसत असे. मुरूड बरोबर काठावर येते, तेथे अर्धे नशीब आणि अर्धी उंची.

याला एक अपवाद आहे, आणि तो आठवला की अजूनही गंमत वाटते. मार्च ते मे या महिन्यांत अरबी समुद्रावर थंड दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा येऊन बसते, आणि त्या दोन थरांमधून लहरी नळीतून जाव्यात तशा शेकडो किलोमीटर वाहत जातात. त्या दिवसांत आमच्या चाळीच्या गच्चीवरच्या अँटेनाला कधीकधी समुद्रापलीकडच्या देशांची चित्रे येत आणि गिऱ्हाईक 'तुम्ही अँटेना बिघडवून ठेवली' म्हणून भांडायला येई. पण ही निसर्गाची लहर, तिच्या भरवशावर कोणी सातच्या बातम्यांची वेळ लावू शकत नाही.

पृथ्वीच्या या अडचणीवर दूरदर्शनने पूर्वी जो उपाय केला होता तो उंचीचा होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी तेच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित होऊ लागले. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून अधिक उंच असल्याने सव्वाशे किलोमीटरवरचा वरळीचा मनोरा त्याच्या 'नजरेत' येतो, हे वरच्याच गणितावरून कळेल. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर, उपग्रहाच्या आधाराने, देशभर लहान-मोठे प्रक्षेपक इतक्या वेगाने उभे राहिले की पुढे त्यांची संख्या चौदाशेच्या घरात गेली. कोकणातल्या लहान शहरांतही कमी शक्तीचे प्रक्षेपक होते, आणि त्यांच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात बांबूला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर चित्र येत असे. मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या, पण बातमी ऐकू यायची. फिरत्या घराची कल्पना तेव्हा आपल्याकडे रुजली असती, तर प्रत्येक तालुक्याच्या गावी अँटेनाची दिशा बदलून काम भागले असते.

ते जाळे आता राहिलेले नाही. जुन्या ॲनालॉग पद्धतीचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले, आणि सीमाभाग, ईशान्य भारत, बेटे अशा सामरिक महत्त्वाच्या पन्नासएक जागा वगळता मार्च २०२२ अखेर ते काम पूर्ण झाले. त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. बहुतेक घरांत केबल किंवा छत्री, म्हणजे उपग्रहाची डिश अँटेना, आली होती, प्रक्षेपकांवर वीज आणि माणसे खर्ची पडत होती, आणि त्या लहरींच्या पट्ट्याला दुसरीकडे मागणी होती. माझे म्हणणे एवढेच, की अमेरिकेने १२ जून २००९ रोजी आपले मोठे ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले तेव्हा डिजिटल प्रक्षेपण सर्वत्र आधीच सुरू झालेले होते, आणि मागणी करणाऱ्या कुटुंबाला जुन्या टीव्हीच्या रूपांतरक पेटीसाठी प्रत्येकी चाळीस डॉलरची दोनपर्यंत कुपने सरकारने दिली होती. ब्रिटनमध्ये हे स्थित्यंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये पुरे झाले, आणि आज तेथील कोणताही प्रवासी आपल्या मुक्कामाचा पिनकोड टाकून तेथे कोणत्या वाहिन्या दिसतील हे पाहू शकतो. म्हणूनच त्या देशांतल्या मोटारहोमच्या छपरावर वर-खाली करता येणारी अँटेना खिडकीइतकीच गृहीत धरलेली असते. आपल्याकडचे गाडीबांधणारे तिकडची चित्रे पाहून तसलीच अँटेना बसवून देतात, आणि ती अँटेना ज्यासाठी असते ते प्रक्षेपणच येथे बहुतेक ठिकाणी नसते.

डिजिटल भूप्रक्षेपणाचा, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल चित्र पाठवण्याचा, प्रयत्न आपल्याकडेही झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसह सोळा शहरांत डीव्हीबी-टी२ या पद्धतीने दूरदर्शनच्या वाहिन्या हवेत सोडण्यात आल्या, आणि मोबाइलला लहानशी दांडी जोडून किंवा गाडीत बसून त्या पाहता येतील असे तेव्हा सांगितले गेले. फिरत्या घरासाठी ही पद्धत फार चांगली आहे. उंच इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे जुन्या चित्रात ज्या सावल्या पडत, त्या हिच्यात पडत नाहीत. परंतु हिच्यात मुंग्याही येत नाहीत, ही गोष्ट ग्राहकाने समजून घ्यायला हवी. ठरावीक पातळीच्या वर चित्र संपूर्ण आणि खाली पडदा कोरा, असा तो व्यवहार असतो. जुन्या टीव्हीवर धूसर चित्र दिसले की 'अजून थोडी डावीकडे' असे गच्चीवर ओरडून सांगता येई, येथे ती सोय नाही. अँटेना कोठे वळवायची हे आधी माहीत असल्याखेरीज शोध अंधारात होतो. आणि नेमकी तीच माहिती सामान्य माणसाच्या हाती पडत नाही. महाराष्ट्रात आजघडीला कोणत्या ठिकाणचा डिजिटल प्रक्षेपक चालू आहे, तो कोणत्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) आहे, त्यावर कोणत्या वाहिन्या आहेत आणि तो किती किलोमीटरपर्यंत उपयोगी आहे, एवढी चार रकान्यांची यादी मराठीत, नकाशासह आणि वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध व्हावी, ही माझी पहिली विनंती आहे. यादी लांबलचक नसली तरी चालेल. 'येथे काही नाही' एवढे जरी अधिकृतपणे कळले तरी खरेदीदाराचे अँटेनावरचे पैसे वाचतील.

बूस्टरविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. बूस्टर लहर निर्माण करत नाही. अँटेनाने जे पकडले तेच तो मोठे करतो, आणि त्यात गोंगाट असेल तर गोंगाटही मोठा करतो. गाडीत गोंगाटाची कमतरता नसते. स्वस्तातला इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, सौर पॅनेलचा नियंत्रक, या प्रत्येकातून अनावश्यक लहरी बाहेर पडतात आणि अँटेना त्यांच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असते. म्हणून बारा व्होल्टवर थेट चालणारा टीव्ही घ्यावा, बूस्टर लावायचाच तर तो खाली टीव्हीजवळ न लावता वर अँटेनाच्या बुडाशी लावावा, आणि केबल चांगल्या जाळीची, पंचाहत्तर ओहमची असावी. छपरावरची गोल तबकडी सर्व दिशांनी थोडे थोडे घेते. गाडी चालू असताना ते ठीक, पण मुक्कामाच्या जागी लांबच्या प्रक्षेपकासाठी कांड्यांची दिशादर्शक अँटेनाच लागते. हिचे नाव 'यागी-उदा' असे आहे. १९२० च्या दशकातल्या दोन जपानी शास्त्रज्ञांची ती आडनावे आहेत, मात्र माझी काही गिऱ्हाइके शेवटपर्यंत तिला 'योगी अँटेना' म्हणत राहिली आणि मीही कधी दुरुस्त केले नाही.

आता जे आज खरोखर उपलब्ध आहे त्याविषयी. प्रसारभारतीची डीडी फ्री डिश ही सेवा २००४ पासून चालू आहे, तिला मासिक शुल्क नाही, आणि सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३१ अंशांवर, आणि क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश उंच दिसतो. 'दिसतो' म्हणजे छत्रीला दिसतो. सावंतवाडीला हेच आकडे सुमारे १२७ आणि ६१ होतात, नागपूरला १४५ आणि ६०. कोकणातल्या माणसाला वाटते की पूर्वेला सह्याद्री उभा आहे, तेव्हा उपग्रह अडणार. वस्तुस्थिती उलट आहे. सत्तावन्न अंश ही इतकी मोठी उंची आहे की अगदी कड्याच्या पायथ्याला चिकटून उभे राहिल्याखेरीज डोंगर आड येत नाही. वरळीहून येणाऱ्या आडव्या लहरीला अडवणारा डोंगर वरून येणाऱ्या लहरीला अडवत नाही. तिला अडवते ते झाड. आंबा, फणस, नारळ यांचे ओले पान ही लहर शोषून घेते, आणि कोकणात गाडी लावायची झाली की सावली पाहून झाडाखालीच लावली जाते.

आमचेही तेच झाले. दुसऱ्या दिवशी भाच्याने श्रीवर्धनच्या बाजारातून साठ सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीपुढे बसणारा, लहर पकडणारा भाग) आणि सेट टॉप बॉक्स आणला. मी लाकडी तिपाईवर पाणसळ धरून ती उभी केली, होकायंत्राने दिशा घेतली. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून चार-पाच पावले दूर धरावे लागते, नाहीतर सुई गाडीकडेच वळते. आणखी एक खोच येथे सांगून ठेवतो. बाजारात मिळणारी छत्री मध्यातून नव्हे तर खालच्या बाजूने लहर घेते, त्यामुळे ती आकाशाकडे पाहत असल्यासारखी न दिसता बरीच उभी दिसते. सत्तावन्न अंश म्हणून नवशिका माणूस तिला पार आडवी करतो आणि दिवसभर उपग्रह शोधत बसतो. माझी दिशा बरोबर होती, उंची बरोबर होती, तरी संकेताची पट्टी हलेना. वर पाहिले तर नेमकी आग्नेयेला माडाची झावळी. गाडी दोनदा हलवली, तिसऱ्या जागी सह्याद्री वाहिनी लागली, आणि ताईने सातच्या बातम्या पाहिल्या. तिने कौतुक केले ते भाच्याचे.

या अनुभवावरून माझी दुसरी विनंती राज्याच्या पर्यटन विभागाला आहे. २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात अशा वाहनांसाठी तळ उभारण्याची आणि तेथे पाणी, वीज यांची सोय करण्याची तरतूद आहे. त्याच यादीत दोन किरकोळ गोष्टी जोडाव्यात. प्रत्येक तळावर काही जागा तरी अशा आखाव्यात की ज्यांच्या आग्नेय बाजूचे आकाश मोकळे राहील, आणि तेथे एक फलक लावावा, ज्यावर त्या ठिकाणासाठी छत्रीची दिशा व उंची अंशांत लिहिलेली असेल आणि जमिनीवर रंगाने एक बाण काढलेला असेल. याला एक डबा रंग आणि अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. त्याहून बरे म्हणजे तळाच्या मध्यभागी एकच मोठी छत्री लावून विजेच्या खांबापाशीच केबलचे एक तोंड द्यावे. मुंबईतल्या इमारतींत एका छत्रीवर अनेक बिऱ्हाडांचे टीव्ही चालवण्याची पद्धत जुनी आहे, तेव्हा हे काम करणारे कारागीर शोधावे लागणार नाहीत. पावसाळ्यात जोराच्या सरीत या लहरी क्षीण होऊन चित्र गोठते, हे मुंबईकरांना सांगायला नको. मोठ्या छत्रीमुळे तो त्रासही कमी होतो.

'हे सगळे कशाला, मोबाइलवर पाहा की' असे भाच्याचे मित्र म्हणतात, आणि आपल्या अनेक वाचकांच्याही मनात तेच आले असेल. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचे वेव्ह्ज हे ॲपही आणले आहे. जेथे नेटवर्क चांगले तेथे हा मार्ग सोपा आहे, यात वाद नाही. परंतु फिरत्या घरातून माणसे जातात तीच मुळी ताम्हिणी, वरंधा, आंबोली अशा बाजूंना, जेथे घाटाच्या वळणावर फोनही तुटतो. शिवाय नेटवर्क वाटून घ्यावे लागते. किनाऱ्यावर शनिवार-रविवारी हजार माणसे आली की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब थेंब येतो. हवेतल्या प्रक्षेपणाचे तसे नसते. एकाने पाहिले काय आणि लाखाने पाहिले काय, लहर कमी पडत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद राहिली. वादळात छत्री उभी राहत नाही हे मला ठाऊक आहे, आणि ऐन वाऱ्यात कोणी ती उभी करूही नये. पण वादळ ओसरल्यावर बारा व्होल्टची बॅटरी, तीस-चाळीस वॅटचा टीव्ही आणि पुन्हा उभी केलेली छत्री एवढ्यावर बातम्या मिळू शकतात, कारण फ्री डिशचे संकेत उपग्रहाकडे दिल्लीहून पाठवले जातात, त्यांचा कोकणातल्या पडलेल्या खांबांशी संबंध नसतो. ज्या गाडीत आधीच बॅटरी आणि सौर पॅनेल आहे, ती अशा वेळी अख्ख्या वाडीचे बातमीघर होऊ शकते.

उरली टीव्ही उत्पादकांची बाब. उपग्रहाचे संकेत थेट घेणारा भाग टीव्हीतच बसवलेला असावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ हे मानक २०२२ मध्ये तयार केले आहे. त्याप्रमाणे बनलेल्या टीव्हीला फ्री डिशसाठी वेगळा सेट टॉप बॉक्स लागत नाही. गाडीत जागा आणि वीज दोन्ही मोजून वापरायची असते, तेव्हा चोवीस इंच आणि त्याहून लहान, बारा व्होल्टवर चालणाऱ्या टीव्हींत हा भाग आधी यावा. नुसते 'डिजिटल ट्यूनर' एवढे खोक्यावर छापून भागणार नाही. तो डीव्हीबी-टी२चा आहे, केबलचा आहे की उपग्रहाचा, हे मराठीत स्पष्ट लिहिलेले हवे. मोबाइलवर थेट प्रक्षेपण करण्याच्या ज्या चाचण्या प्रसारभारती आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागाने झाल्या, त्यांची पद्धत एटीएससी ३.० ही आहे आणि ती डीव्हीबी-टी२च्या टीव्हीवर चालत नाही. ती सेवा उद्या सुरू झाली, तर आज 'भविष्यातही चालेल' म्हणून विकले जाणारे टीव्ही पुन्हा कोरे पडतील. तेव्हा हवेतल्या प्रक्षेपणासाठी पुढील काळात कोणती पद्धत स्वीकारणार, हे माहिती व प्रसारण मंत्रालयाने खरेदीदार फसण्याआधी जाहीर करावे.

आपल्या पुढच्या पर्यटन पुरवणीत या विषयाला थोडी जागा मिळाली तर बरे होईल. छत्री लावण्याची रेखाकृती मी काढून पाठवू शकेन. भाचा येत्या मार्चमध्ये गाडी घेऊन विदर्भात जाणार आहे, त्याच्यासाठी नागपूरचे आकडे मी आताच टीव्हीच्या मागे कागदावर लिहून चिकटवले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त टीव्ही कारागीर
गिरगाव, मुंबई